वरातीच्या घोड्या आणि गल्लीतील कुत्री : नागपुरातील एका उन्हाळ्याच्या प्रकल्प नोंदी

३ एप्रिल

कामठी मार्गावर इंदोरा चौकाच्या पुढे आत वळल्यावर लागणाऱ्या एका वस्तीतील तबेल्यात, जनावरे त्रास का देतात याची कारणे शोधून ती दूर करण्याचे काम आजपासून सुरू केले. एका बाजूला विटांची भिंत, वर टिनाचे छप्पर आणि तीन बाजू मोकळ्या असा हा तबेला असून त्यात सहा घोड्या आणि दोन घोडे बांधलेले असतात. दोन भावांची कुटुंबे लग्नसराईत वरातीसाठी घोडी आणि बग्गी भाड्याने देऊन पोट भरतात. थोरल्या भावाला सगळी वस्ती काकाजी म्हणते, म्हणून आम्हीही तसेच म्हणू लागलो. समोरच्या गल्लीत अकरा कुत्री राहतात. ती कोणाचीही नाहीत आणि तरी प्रत्येकाला नाव आहे.

प्रकल्प घोड्यांपुरताच ठेवावा असा आमचा मूळ विचार होता, पण तो पहिल्या तासातच सोडून द्यावा लागला. ऊन चढले की कुत्री घोड्यांच्या पायांजवळ सावलीला येऊन झोपतात. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते, मात्र शेपटीच्या थेट मागचा पट्टा दिसत नाही, आणि तिथे काही हलले की तो आधी लाथ मारतो आणि मग मान वळवून पाहतो. लाथ बसलेले कुत्रे पुढच्या वेळी घोडी बाहेर निघताच भुंकत मागे लागते, घोडी बुजते, हाकणारा लगाम खेचतो आणि घोडीचे तोंड दुखते. ही एकच साखळी असल्याने तिची एक कडी वेगळी काढून काम करणे शक्य नाही.

काकाजींच्या तक्रारी चार होत्या. बिजली तोंडात लगाम घालू देत नाही, राणी धुमालच्या, म्हणजे वरातीपुढे वाजणाऱ्या ढोलताशांच्या पथकाच्या, आवाजाला बुजते, बादल रात्रभर लाकूड चावतो आणि लाल्या नावाचे कुत्रे मुलांच्या अंगावर धावते. चौघांसाठी त्यांनी एकच शब्द वापरला : "माजले आहेत." हा शब्द शेवटी वापरायचा आणि त्याआधी तोंड, खूर, पाठ, पोट, पाणी आणि सावली तपासायची, एवढीच आमच्या कामाची रीत आहे, आणि ती त्यांना आजच सांगितली.

६ एप्रिल

तीन दिवस काहीही न बदलता केवळ मोजमापे घेतली. विश्रांतीत असलेल्या प्रौढ घोड्याचा श्वास मिनिटाला ८ ते १६ आणि हृदयाचे ठोके साधारण २८ ते ४४ असतात. सकाळी सहाला आठही जनावरे या मर्यादेत होती, पण दुपारी तीनला जागेवर उभ्या राणीचा श्वास ३० भरला. तापमापक पहिल्या दिवशी टिनाखालच्या लोखंडी खांबाला टांगला होता आणि तो ४९ अंश दाखवत होता. ही चूक लक्षात येताच तो कडुनिंबाच्या सावलीत घोड्याच्या पाठीच्या उंचीवर नेला, तेव्हा आकडा ४१ झाला. मात्र पहिली नोंद खोडली नाही, कारण घोड्यांना कडुनिंबाखाली नव्हे, तर त्या टिनाखालीच उभे राहावे लागते.

९ एप्रिल

आजचा दिवस बिजलीचा. आमच्या सहकारी पशुवैद्य आहेत. त्यांनी सौम्य गुंगीचे औषध देऊन तिचे तोंड उघडले आणि विजेरीच्या उजेडात आम्ही सर्वांनी आत पाहिले. दोन्ही गालांना आतून चरे पडले होते, जिभेच्या कडेला जुना व्रण होता आणि ओठांच्या कोपऱ्यांतील कातडी घट्ट होऊन पांढुरकी पडली होती. चरे दाढांमुळे होते. घोड्याच्या दाढा झिजत जातात तशा हिरडीतून वर सरकत राहतात, आणि वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा नीट न झिजता धारदार होतात. कडबा चघळताना जबडा आडवा फिरतो आणि या कडा बऱ्याच घासल्या जातात. दाणा जास्त आणि चारा कमी असेल तर तेवढे फिरणे होत नाही. कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या.

जिभेचा व्रण आणि ओठांची कातडी मात्र दाढांमुळे नव्हती. तिच्या लगामाच्या तोंडातील कडीला आतून लोखंडी दाते होते. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या नियमांनुसार असा काटेरी लगाम वापरण्यास मनाई आहे, हे आम्ही काकाजींना सांगितले. परंतु केवळ नियम सांगून थांबलो असतो, तर आम्ही गेल्यावर तोच लगाम पुन्हा बाहेर आला असता. काकाजी म्हणाले, "काटे नसले अन् वरातीत घोडी उधळली, तर वर बसलेल्या नवरदेवाचं काय?" हा प्रश्न खरा आहे आणि त्याला खरेच उत्तर द्यायला हवे. तोंडात टोचले की घोडे त्या वेदनेपासून दूर पळू पाहते; ते मान वर फेकते, तोंड उघडते, मागे सरते, आणि या सगळ्यालाच आपण उधळणे म्हणतो. लगामाचा दाब ही घोड्याला समजणारी खूण असते, पण थांबताक्षणी तो दाब सुटला तरच. सुटका मिळते म्हणून घोडे शिकते. दाब तसाच राहिला तर काय केल्याने त्रास संपतो हे त्याला कळत नाही, आणि मग दरवेळी अधिक जोराने खेचावे लागते.

एक महिना गुळगुळीत जोडकडीचा लगाम वापरून पाहायचा असे ठरले. व्रण भरेपर्यंत दहा दिवस तोंडात काहीच घालायचे नाही, केवळ मोरखीवर, म्हणजे तोंडाभोवती बांधलेल्या दोरीवर, फिरवायचे.

१४ एप्रिल

काल मध्यरात्रीपासून शहरभर बाबासाहेबांच्या जयंतीचा उत्साह आहे. वस्तीतील मंडळाच्या मुलांना आम्ही आठवड्यापूर्वी भेटलो होतो. त्यांनी फटाके तबेल्यापासून दूर, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला लावले आणि दोन मुले रात्रभर घोड्यांजवळ बसली. मुलांनी घोड्यांच्या मानेच्या बुडाशी, आयाळ संपते तिथे, हळूहळू खाजवावे असे सांगितले होते. घोडी एकमेकींना तिथेच खाजवतात, आणि तिथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावतात हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजून दाखवले गेले आहे. राणीलाही त्याने थोडा फरक पडला. कुत्री मात्र बग्गीखाली दाटीवाटीने बसली होती आणि पहाटेपर्यंत बाहेर आली नाहीत.

१९ एप्रिल

पाणी आणि चारा यांचा हिशेब आज पूर्ण झाला. मला वाटते, संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत उपयोगी काम हेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तबेल्यात सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी पंधरा लिटरची बादली प्रत्येक घोड्यापुढे ठेवत. बिजली दिवसाला २६ लिटर पीत होती आणि उरलेले ओतून देत, त्यामुळे तिला पाणी पुरते असे घरच्यांचे मत झाले होते. आम्ही तिच्यापुढे दिवसभर भरलेले टब ठेवले आणि भर घातलेले पाणी मोजले, तेव्हा चौथ्या दिवशी ती ४१ लिटर प्यायली. बादली दुपारच्या उन्हात नसे. ती असे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला, म्हणजे तहान सर्वांत कमी असताना. घामावाटे घोड्याचे मीठही माणसापेक्षा पुष्कळ अधिक प्रमाणात जाते, म्हणून प्रत्येकाच्या दाण्यात रोज दोन मोठे चमचे साधे मीठ घालणे सुरू केले. तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये हा समज वस्तीत पक्का आहे. कामावरून आलेल्या घोड्याला थोडे थोडे करून लगेच पाणी द्यावे आणि अंगावरही सतत पाणी ओतत राहावे, हे आम्ही सांगितले. काकाजींच्या धाकट्या भावाने ते ऐकून घेतले आणि तोंडावर सांगितले की पोटशूळ उठला तर तुम्हाला बोलावू. मी म्हटले, जरूर बोलवा, रात्री दोनलाही.

चाऱ्याचे चित्र याहून बिकट होते. साडेतीनशे किलोच्या जनावराला रोज त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे पाच ते सात किलो सुका चारा लागतो. येथे तीन किलो कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) आणि दोन वेळा मिळून तीन किलो हरभरा दिला जाई, कारण हरभऱ्याने घोडी चमकते. घोड्याचे जठर लहान असते आणि त्यात आम्ल दिवसरात्र पाझरत राहते. चघळताना सुटणाऱ्या लाळेनेच ते सौम्य होते, आणि पोट तासन्तास रिकामे राहिले की जठराला व्रण पडू शकतात. बादल लाकडावर दात रोवून हवा ओढतो, त्यामागे मला हेच कारण वाटते. अशा सवयीला शेजारच्या घोड्याचे पाहून लागलेले खूळ म्हणतात आणि गळ्याला घट्ट पट्टा आवळतात. पट्ट्याने चावणे थांबते, पण पोटातील जळजळ तशीच राहते. बादलचा पट्टा आज काढला. हरभरा दहा दिवसांत हळूहळू निम्म्यावर आणायचा, ज्वारीचा कडबा वाढवायचा आणि चारा दिवसातून चार वेळा द्यायचा. शेवटची वेळ रात्री अकराची. हिशेब केला तर हरभऱ्यातून वाचलेल्या पैशांत कडब्याचा बहुतेक खर्च निघतो. काकींनी तो हिशेब वहीत स्वतः मांडला आणि त्यानंतर या विषयावर घरात वाद झाला नाही.

२६ एप्रिल

राणीला धुमालच्या ध्वनिमुद्रणाची सवय लावण्याचा प्रयत्न परवा सुरू केला होता. रीत अशी की आवाज इतका हळू ठेवायचा की घोडी कान वळवील पण चारा खात राहील, आणि ती निवांत झाली की मगच किंचित वाढवायचा. परवा ते नीट झाले. आज वरात बारा दिवसांवर आली या घाईत मी एका बैठकीत आवाज तीनदा वाढवला. तिसऱ्या वेळी ती मागे झेपावली, दोर तुटला आणि तिचा पुढचा गुडघा दगडावर खरचटला. जखम धुऊन औषध लावले आणि धनुर्वाताची लस दिली, कारण पाळीव जनावरांत धनुर्वाताला घोडे सर्वांत अधिक बळी पडते. राणीने चारा खाणे थांबवले होते, ही खूण माझ्यासमोर होती आणि मी ती ओलांडली. त्या क्षणी तिने जे शिकले ते पुसायला दोन दिवसांऐवजी दोन आठवडे लागतील. येत्या वरातीला राणीऐवजी बिजली जाईल.

२ मे

आज लाल्या. त्याच्या डाव्या कानाला खाच आहे, म्हणजे त्याची नसबंदी आधीच झालेली आहे. उजव्या कानाच्या आत जुनी जखम चिघळून अळ्या पडल्या होत्या. मुले गल्लीच्या ज्या टोकाकडून शाळेच्या सुट्टीत खेळायला येतात, ते टोक तो बसतो त्याच्या उजवीकडे आहे, आणि डोक्यावर हात फिरवायला जो तो त्याच कानाकडे हात नेतो. सहा दिवस कान साफ केल्यावर आज त्याने आपणहून डोके माझ्या मांडीवर टेकवले.

मुलांबरोबर तासभर बसून कुत्र्याची भाषा पाहिली. कुत्रे आधी तोंड फिरवते, ओठ चाटते, झोप नसताना जांभई देते, मग अंग ताठ करते, डोळ्याचा पांढरा कोपरा दाखवते, गुरगुरते आणि सगळे निष्फळ ठरले तर चावते. गुरगुरल्याबद्दल त्याला मारले तर ते गुरगुरणे सोडते, भीती मात्र सोडत नाही, आणि पुढच्या वेळी इशाऱ्याविना चावते. मुलांनी हे मोठ्यांपेक्षा लवकर ओळखले. एका मुलीने लगेच सांगितले की लाल्या रोज तिच्यासमोर जांभया द्यायचा. कुत्रे चावले किंवा त्याचा दात लागून खरचटले, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची, हे प्रत्येकाकडून म्हणवून घेतले. रेबीज घोड्यालाही होतो, हे काकाजींना नवे होते.

अकरापैकी चार कुत्र्यांच्या कानाला खाच आहे. उरलेल्या सातांपैकी सहांची नसबंदी आणि लसीकरण करून घ्यायचे आहे. २०२३ च्या नियमांनुसार त्यांना त्याच गल्लीत परत सोडायचे असते, हे शेजारच्या दोन घरांना समजावले. सातवी चांदणी, तिला पाच आठवड्यांची चार पिल्ले आहेत, ती पिल्ले सुटी होईपर्यंत थांबेल. तीन ते बारा-चौदा आठवडे हे पिल्लांचे जग ओळखण्याचे वय असते, म्हणून त्यांना रोज थोडा वेळ लाकडी फळीआडून घोडे पाहू देतो.

८ मे

पहिली वरात सोबत चाललो. लग्नाचे लॉन कोराडी मार्गावर, तबेल्यापासून सुमारे सहा किलोमीटर. बिजलीच्या तोंडात नवा लगाम होता. निघताना गल्लीतील कुत्री मागे लागू नयेत म्हणून काकींनी त्यांना पाच मिनिटे आधी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला खायला घातले. एवढ्याने प्रश्न सुटला, आणि इतके दिवस कोणाला ते सुचले नव्हते, मलाही नाही.

उभ्या बिजलीचे ठोके घरी ३८ होते. ध्वनिक्षेपकापासून दहा पावलांवर ते ९६ झाले, आणि गर्दी पांगून अंतर चाळीस पावलांचे झाले तेव्हा दहा मिनिटांत ५६ वर आले. कान मागे, डोळ्यावरचा स्नायू ताणलेला, नाकपुड्या आवळलेल्या, हनुवटी घट्ट. घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्यासाठी २०१४ साली मांडलेल्या मोजपट्टीत याच खुणा आहेत, पण भीतीनेही त्यांतील काही उमटतात, म्हणून मी त्यांना वेदना असे लिहीत नाही. ती एकदाही उधळली नाही. नवरदेव उतरल्यावर लॉनच्या दारात ती भरजरी झूल अंगावर घेऊन पाऊण तास उगाच उभी होती. झूल काढताच पाठीवरून घाम ओघळला.

काकाजींनी घरी येऊन ठरवले की यापुढे बुकिंग घेतानाच सांगायचे : ध्वनिक्षेपक आणि घोडी यांत तीस पावले, घोडीजवळ फटाके नाहीत, नवरदेव उतरला की झूल उतरणार. एक गिऱ्हाईक यामुळे जाईलही, असे ते म्हणाले.

१७ मे

आठही जनावरांची नालबंदी ७ तारखेला झाली होती. बग्गीचा घोडा शेरा अजून डावा पुढचा पाय जपून टाकतो. बाकी सारे ठीक. सहा कुत्री नसबंदी होऊन गल्लीत परतली.

१९६५ चे नियम आज पूर्ण वाचून दाखवले. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीविना सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, आणि ३७ अंशांवर तापमान असेल तेथे दुपारी बारा ते तीन काम नकोच. धाकट्या भावाचे म्हणणे असे की वरात संध्याकाळी असते, मग हा नियम आपल्याला कुठे लागतो? लागतो, कारण वर्धा मार्गावरील लॉनला सातला पोहोचायचे म्हणून बग्गी अडीचला निघते. चारला निघून मधे एकदा पाण्यासाठी थांबायचे ठरले. नियम तीनपर्यंतचा असला तरी नागपूरचा डांबरी रस्ता त्यानंतरही बराच वेळ तापलेला असतो, म्हणून तीनला निघणेही मला मान्य नव्हते.

२८ मे

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू आहे. ही नोंद लिहिणे कठीण आहे.

२२ तारखेला तबेल्यात हवा खेळावी म्हणून आम्ही बग्गी भिंतीपासून काढून रस्त्याच्या कडेला उभी केली. घोड्यांना त्याचा लाभ झाला. टिनाखालचा दुपारचा आकडा तीन अंशांनी उतरला. पण बग्गीखालची जागा ही गल्लीतील कुत्र्यांची दुपारची सावली होती, आणि रस्त्याकडेला बग्गीखाली तापलेले डांबर होते. कुत्री बग्गीखाली आसरा घेतात, हे माझ्या वहीत १४ एप्रिलला लिहिलेले होते. २५ ला दुपारी अडीचला म्हातारी नावाची कुत्री नालीजवळ कोसळलेली सापडली. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते उष्णता बाहेर टाकते, आणि ताकद संपली की धापाही थांबतात. तिचा ताप ४१.६ होता. नळाचे पाणी सतत ओतून पंख्याखाली ठेवले, ३९.५ ला पाणी थांबवले आणि दवाखान्यात नेले. त्या रात्री ती उठून पाणी प्यायली. काल मूत्रपिंडे निकामी होऊन ती गेली.

बग्गी मूळ जागी आणली. घोड्यांच्या हवेसाठी त्याऐवजी टिनावर तुराट्या आणि गवताचा थर घालून त्यावर दिवसातून दोनदा पाणी मारणे सुरू केले. आकडा जवळजवळ तेवढाच उतरला. हे आधीही करता आले असते.

१२ जून

लग्नाच्या तिथी आता विरळ झाल्या. बादल रात्री लाकूड अजून चावतो, परंतु काकींच्या मोजणीप्रमाणे पूर्वीच्या साधारण एक तृतीयांश; जुनी जडलेली सवय पूर्ण जाईल अशी अपेक्षा मी ठेवत नाही. बिजली लगाम पाहून तोंड खाली आणते. राणी ध्वनिमुद्रण मध्यम आवाजावर असताना खात राहते, वरातीला मात्र या हंगामात पाठवलेली नाही आणि त्यामुळे बुडालेल्या भाड्याचा निम्मा भाग प्रकल्पातून दिला. काटेरी लगाम काकाजींनी आपणहून आणून दिले. एक-दोन नव्हे, पाच होते.

शेराच्या डाव्या खुराच्या तळव्यात आतून गळू निघाले. खूर कोरून पू काढला, रोज मिठाच्या कोमट पाण्यात शेकतो आहोत. सव्वा महिना तो 'चालायला कुरकुरतो' असेच आम्हीही लिहीत होतो.

पावसाळ्यात गोमाश्या वाढतील आणि त्यांच्या चाव्यातून सर्रा हा रक्तातील परजीवीचा रोग पसरतो, म्हणून आठही जनावरांचे रक्तनमुने सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यक महाविद्यालयात तपासायला द्यायचे आहेत. पुढची नालबंदी ३० जूनच्या आत. चांदणीची नसबंदी पुढच्या आठवड्यात. दोन पिल्ले घरांत गेली, दोन गल्लीत राहतील, त्यांची पहिली लस त्याच वेळी. बग्गीला पावसासाठी ताडपत्री घ्यायची आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी जमिनीपासून हातभर वर बांधायची, म्हणजे कुत्र्यांना खाली शिरता येईल.